गाडीच्या एसीत घरीच गॅस भरला, तरी गारवा का येत नाही?

गेजचा काटा हिरव्या पट्ट्यात, डबा रिकामा आणि हवा मात्र कोमटच. गडबड नेमकी कुठे होते, ती कशी ओळखायची आणि कुठे थांबायचं?

उन्हाळा लागला की गाडीच्या एसीची दुखणी वर येतात. भर दुपारी गाडी सिग्नलला उभी असते, ब्लोअर चारवर असतो आणि जाळीतून येणारी हवा नुसती पंख्याची असते. गॅरेजमध्ये नेलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘गॅस संपलाय, भरावा लागेल.’ हाच गॅस आता ऑनलाइन बाजारात छोट्या डब्यात मिळतो. सोबत नळी आणि गेजही येतं. यूट्यूबवर दहा मिनिटांत काम उरकणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. मग गॅरेजला पैसे कशाला द्यायचे, असा विचार मनात येणं साहजिक आहे.

ही पद्धत मूळची अमेरिकेतली. तिथे ऑटो पार्टच्या दुकानात १२ औंसांचे, म्हणजे साधारण ३४० ग्रॅमचे डबे सर्रास मिळतात आणि लोक घरासमोर गाडी लावून स्वतःच गॅस भरतात. पण डबा भरूनही गारवा न येणं, आठवड्यात पुन्हा तीच तक्रार सुरू होणं आणि कधी कधी चांगला चालणारा कॉम्प्रेसर बसणं, हे प्रकारही त्याच पद्धतीबरोबर आले. यातल्या बहुतेक चुकांच्या मुळाशी एकच गैरसमज असतो. तो समजून घेतला की बाकीचं कोडं सुटायला लागतं.

गाडीतला गॅस ‘संपतो’ का?

पेट्रोल जळतं म्हणून संपतं. एसीतला गॅस जळत नाही. तो बंद नळ्यांमध्ये गोल गोल फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, बंपरमागच्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून द्रव होतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून त्याचा दाब एकदम उतरतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये तो उकळताना गाडीतल्या हवेची उष्णता शोषून घेतो. मग पुन्हा कॉम्प्रेसर. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षी थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरात जी आकृती हमखास येते, ती हीच.

म्हणजे गॅस कमी झाला असेल तर तो कुठून तरी बाहेर गेलेला असतो. रबरी होज आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्टजवळचं सील यांतून थोडा गॅस वर्षानुवर्षं झिरपतो, हे खरं. पण तो फार थोडा. युरोपीय संघाच्या २००६ च्या निर्देशात, जुन्या प्रकारचा गॅस वापरणाऱ्या नव्या गाड्यांसाठी गळतीची कमाल मर्यादा वर्षाला ४० ग्रॅम अशी घातली होती. हा आकडा एकच कूलिंग कॉइल असलेल्या गाड्यांसाठी होता. आपल्याकडच्या छोट्या गाड्यांमध्ये साधारण ३०० ते ५०० ग्रॅम गॅस असतो. त्यामुळे सहा-सात वर्षांनी एकदा गॅस कमी पडला तर समजण्यासारखं आहे. दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल, तर गाडीला गॅसची नाही, गळती शोधणाऱ्याची गरज आहे.

गेज नेमकं काय दाखवतं?

बहुतेकांची गाडी इथेच अडते. डब्यासोबत आलेलं गेज दाब दाखवतं. आत गॅस किती ग्रॅम आहे, हे ते दाखवत नाही.

घरातला सिलिंडर आठवा. तो भरलेला असो की निम्मा, शेगडीची ज्योत सारखीच असते. शेवटचा द्रव गॅस संपेपर्यंत आतला दाब फारसा बदलत नाही, कारण तो दाब तापमानावर ठरतो. म्हणून तर सिलिंडर दारात आला की आपण काटा लावून १४.२ किलोचा हिशेब बघतो. गाडीच्या एसीचंही तसंच आहे.

आपल्याकडच्या बहुतांश गाड्यांमध्ये आर-१३४ए हा गॅस असतो. एसी बंद आहे, इंजिन पूर्ण गार आहे आणि गाडी सावलीत आहे, अशा वेळी त्याचा दाब २५ अंशांना सुमारे ८२ पीएसआय, ३० अंशांना ९७, ३५ अंशांना ११४ आणि ४० अंशांना १३३ पीएसआय असतो. आत १५० ग्रॅम गॅस असला तरी ११४ आणि ४५० ग्रॅम असला तरी ११४. त्यामुळे ‘काटा बरोबर आला म्हणजे गॅस पुरेसा आहे’ हा निष्कर्ष चुकीचा ठरतो.

मग या आकड्यांचा उपयोग काय? दोन गोष्टी लगेच कळतात. काटा या आकड्यापेक्षा बराच खाली असेल, तर आत द्रव गॅस उरलेलाच नाही, म्हणजे सिस्टीम जवळपास रिकामी आहे आणि मोठी गळती आहे. काटा बराच वर असेल, तर आत हवा शिरली आहे किंवा भलताच गॅस मिसळला आहे. या दोन्ही परिस्थितींत डबा लावण्यात अर्थ नाही.

डबा मागवण्याआधी काय तपासाल?

गारवा न येण्याची निम्मी कारणं गॅसशी संबंधित नसतात. ही तपासणी फुकट आहे आणि पंधरा मिनिटांत होते.

१. हवा कमी येते की गार येत नाही? जाळीतून येणारी हवा गार आहे पण जोर नाही, तर केबिन फिल्टर बघा. बऱ्याच गाड्यांत तो डॅशबोर्डच्या डाव्या खणामागे असतो. धुळीने काळा झालेला फिल्टर बदलला की फरक तिथल्या तिथे कळतो.

२. गाडी पळताना गार आणि सिग्नलला गरम? असं होत असेल तर संशय कंडेन्सरच्या पंख्यावर घ्या. गाडी पळत असते तेव्हा समोरून येणारा वारा कंडेन्सर थंड ठेवतो. थांबली की ते काम पंख्याचं. एसी चालू केल्यावर पुढचा पंखा फिरतो का, ते बॉनेट उघडून बघा.

३. कंडेन्सरच्या जाळीत माती, पाचोळा, मेलेले किडे अडकलेत का? नळाच्या साध्या धारेने धुवा. वॉशिंग सेंटरच्या प्रेशर गनने त्याच्या नाजूक पात्या वाकतात. एक जुनी युक्तीही आहे. एसी चालू असताना कंडेन्सरवर पाणी मारलं आणि लगेच गारवा वाढला, तर दोष गॅसपेक्षा कंडेन्सरच्या किंवा पंख्याच्या बाजूला असण्याची शक्यता जास्त.

४. एसीचं बटण दाबल्यावर ‘टक्’ असा आवाज येतो का? तो कॉम्प्रेसरच्या क्लचचा आवाज. तो आलाच नाही, तर आधी फ्यूज आणि रिले तपासा. काही नव्या गाड्यांत असा क्लच नसतो, तिथे ही खूण चालत नाही.

५. सुरुवातीला छान गार, मग हवेचा जोर कमी होत जातो आणि एसी थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा सुरळीत? कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय. कारण सेन्सर असू शकतो, बुजलेला फिल्टर असू शकतो आणि गॅस थोडा कमी असला तरीही असं होतं.

६. एका बाजूच्या जाळीतून गार आणि दुसऱ्या बाजूने कोमट? अशा वेळी गरम-गार हवा मिसळणारी डॅशबोर्डमधली झडप अडकलेली असू शकते. हवा बाहेरून आत घेण्याचं बटण चुकून चालू राहिलं नाही ना, तेही बघून घ्या.

या सगळ्यातून गाडी पास झाली आणि तरी हवा गार नाही, तर गॅस कमी असण्याची शक्यता खरी धरता येते.

डबा जोडला, पण गॅस आत जाईना

घरी भरणाऱ्यांची ही सगळ्यात नेहमीची अडचण. गॅस फार कमी झाला की प्रेशर स्विच कॉम्प्रेसरला चालूच होऊ देत नाही. हे कॉम्प्रेसरच्या संरक्षणासाठी असतं, कारण त्याचं वंगणाचं तेल गॅसबरोबरच फिरतं. गॅस नाही तर तेलही परत येत नाही.

कॉम्प्रेसर बंद असला की लो साइडचा दाब खाली उतरत नाही, त्यामुळे डब्यातला गॅस आत ओढलाही जात नाही. याच वेळी गेजचा काटा थेट लाल पट्ट्यात दिसतो आणि माणूस गोंधळतो. गॅस कमी म्हणून डबा आणला आणि गेज तर ‘जास्त झाला’ म्हणतंय! खरं तर गेजवरचे रंगीत पट्टे कॉम्प्रेसर चालू असतानाच्या दाबासाठी छापलेले असतात. कॉम्प्रेसर बंद असताना दिसतो तो वर सांगितलेला स्थिर दाब. तेव्हा आधी कॉम्प्रेसर फिरतोय याची खात्री करा आणि मगच काटा वाचा.

काही व्हिडिओंत प्रेशर स्विचच्या दोन पिना वायरने जोडून कॉम्प्रेसर जबरदस्तीने चालू करायला सांगतात. तसं करू नका. तेलाविना फिरलेला कॉम्प्रेसर जाम होतो, त्याचा धातूचा भुगा सगळ्या नळ्यांमध्ये पसरतो आणि मग खर्च पाच आकड्यांत जातो.

क्लच दर काही सेकंदांनी टक् टक् करत चालू-बंद होत असेल, तर ती गॅस कमी असल्याची बऱ्यापैकी भरवशाची खूण आहे. गॅस थोडा थोडा आत गेला की ही टकटक कमी होत जाते.

काटा हिरव्यात आला, तरी हवा कोमट का?

कारण डब्यासोबतचं गेज फक्त लो साइडचा दाब सांगतं. डॉक्टरने रक्तदाबाचा एकच आकडा बघून औषध द्यावं, तसला हा प्रकार. गॅरेजमधल्या एसीवाल्याकडे निळं आणि लाल अशी दोन गेजं असतात, ती यासाठीच. बाहेर साधारण ३० अंश असताना, एसी फुल चालू ठेवून, लो साइड २५ ते ४५ आणि हाय साइड १५० ते २५० पीएसआयच्या दरम्यान अपेक्षित असते. ऊन कडक असेल तर दोन्ही आकडे वर सरकतात. या दोन आकड्यांची जोडी काय सांगते?

• दोन्ही कमी: गॅस कमी आहे.

• दोन्ही जास्त: गॅस जास्त झालाय, पंखा बंद आहे, कंडेन्सर बुजलाय किंवा आत हवा शिरलीये.

• लो जास्त, हाय कमी: कॉम्प्रेसर कमजोर झालाय, दाब तयारच करू शकत नाही. एक्स्पान्शन व्हॉल्व्ह उघडा अडकला तरी असं होऊ शकतं.

• लो खूपच कमी, हाय मात्र नेहमीइतकी किंवा जास्त: वाटेत कुठेतरी अडथळा आहे. बहुधा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह किंवा ड्रायर बुजलाय.

आता फक्त लो साइड बघणाऱ्याचं काय होतं, ते पाहा. कॉम्प्रेसर कमजोर असलेल्या गाडीत लो साइड ‘जास्त’ दिसते, म्हणजे गॅस भरपूर आहे असं वाटतं. अडथळा असलेल्या गाडीत ती ‘कमी’ दिसते, म्हणून माणूस गॅस भरत सुटतो. दोन्ही ठिकाणी निदान चुकलं. शिवाय बऱ्याच नव्या गाड्यांतले कॉम्प्रेसर गरजेनुसार आपली क्षमता कमी-जास्त करतात आणि लो साइडचा दाब स्वतःच जागेवर धरून ठेवतात. तिथे काटा हिरव्यात दिसतो, गॅस कमी असला तरीही.

हवामानाचा भागही विसरू नका. मे महिन्यात चंद्रपूर किंवा अकोल्याच्या ४३-४४ अंशांत हाय साइडचा दाब चढाच असणार. मुंबई, रत्नागिरी, पणजीच्या दमट हवेत एसीची बरीच ताकद हवेतल्या बाष्पाचं पाणी करण्यात जाते, त्यामुळे जाळीतली हवा कोरड्या गावातल्या गाडीइतकी गार येत नाही. गाडीखाली पडणारं पाणी तेच. बाहेर ३५ अंश असताना, आतली हवा फिरती ठेवून, मधल्या जाळीत लावलेला थर्मामीटर १० अंशांच्या आसपास आला तर एसी आपलं काम करतोय. त्याहून दोन-चार अंशांसाठी गॅस वाढवायला जाऊ नका.

थोडा जास्त भरला तर बिघडलं कुठे?

‘अजून थोडा गेला तर अजून गार होईल’ ही समजूत फार महागात पडते. जादा गॅस कंडेन्सरमध्ये द्रवरूपात साचतो. मग वाफेचं द्रव व्हायला जागाच उरत नाही. दाब चढतो, तापमान चढतं, इंजिनवरचा भार वाढतो आणि गारवा उलट कमी होतो. दाब फारच वाढला की स्विच कॉम्प्रेसर बंद करतो किंवा सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून गॅस बाहेर जातो. द्रव गॅस कॉम्प्रेसरमध्ये पोहोचला तर त्याचे भाग मोडू शकतात, कारण कॉम्प्रेसर वाफ दाबायला बनवलेला असतो आणि द्रव दाबला जात नाही.

इथे आकड्यांचा अंदाज घ्या. ४०० ग्रॅमच्या सिस्टीममध्ये ५० ग्रॅमची चूक म्हणजे साडेबारा टक्के. बाजारातल्या एका डब्यात मात्र छोट्या गाडीचा जवळपास सगळा गॅस मावतो. आत आधीच किती आहे हे माहीत नसताना अख्खा डबा रिकामा केला, तर प्रमाण चुकणार हे जवळपास ठरलेलं.

चार दिवस गार, पुन्हा जैसे थे

मग गळतीच आहे. गॅसबरोबर तेलही बाहेर पडतं, त्यामुळे गळतीच्या जागी तेलकट डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसते. नळ्यांचे सांधे, कॉम्प्रेसरचा पुढचा भाग, कंडेन्सरचा दगड लागून चेपलेला कोपरा आणि गॅस भरायच्या व्हॉल्व्हची टोकं आधी बघा. साबणाचं पाणी लावल्यावर बुडबुडे आले तर जागा सापडली. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत कंडेन्सर लवकर गंजतो, तेव्हा कोकणपट्टीतल्या आणि गोव्यातल्या वाचकांनी तिथे विशेष लक्ष द्यावं. बारीक गळतीसाठी गॅरेजमध्ये रंगद्रव्य सोडून अतिनील दिव्याखाली बघतात किंवा इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर फिरवतात. कूलिंग कॉइलच गळत असेल तर डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि ते काम घरचं नव्हे.

‘गळती आपोआप बंद करणारा’ गॅस म्हणून काही डबे विकले जातात. त्यातलं रसायन बाहेरच्या हवेशी आणि ओलाव्याशी संपर्क आला की घट्ट होतं. सिस्टीममध्ये आधीच ओलावा असेल तर ते आतही घट्ट होऊ शकतं, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह बुजवू शकतं आणि गॅरेजचं मशीनही खराब करू शकतं. असं रसायन घातलेली गाडी मशीनला लावायला अनेक गॅरेजवाले नकार देतात.

गॅस पूर्ण निघून गेला असेल तर आत हवा आणि बाष्प शिरलेलं असतं. त्यावरच नवा गॅस भरला की पाण्याचा अंश व्हॉल्व्हपाशी गोठतो आणि तेलाशी मिसळून आम्ल तयार करतो. म्हणून व्हॅक्यूम करणं भाग असतं. पंपाने दाब इतका उतरवतात की नळ्यांमधलं पाणी साध्या तापमानालाच उकळून वाफ होऊन निघून जातं. मग पंप बंद करून व्हॅक्यूम टिकतो का, ते बघतात. टिकला नाही तर गळती अजून आहे. नुसत्या डब्याने यातलं काहीच होत नाही.

डब्यात नेमकं काय आहे?

स्वस्त डब्याच्या बाबतीत हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. काही ठिकाणी आर-१३४एऐवजी प्रोपेन, ब्युटेन यांचं मिश्रण विकलं जातं. गारवा त्यानेही येतो. पण हा गॅस पेट घेणारा आहे आणि ज्या सिस्टीमची रचना त्याच्यासाठी केलेली नाही, तिची एक कॉइल तुमच्या डॅशबोर्डमागे आहे.

भेसळ किती टोकाला जाऊ शकते, हे २०११ मध्ये दिसलं. जहाजांवरच्या शीतकंटेनरमध्ये आर-१३४ए म्हणून भरलेल्या बनावट गॅसमध्ये मिथाइल क्लोराइड निघालं. त्याची ॲल्युमिनियमशी प्रक्रिया होऊन हवेच्या संपर्कात आपोआप पेटणारं संयुग तयार होतं. कॉम्प्रेसरचे स्फोट झाले, माणसं दगावली आणि जगभर हजारो कंटेनर बाजूला काढावे लागले. गाडीच्या एसीतही ॲल्युमिनियम भरपूर असतं. त्यामुळे नाव, बॅच आणि उत्पादकाचा पत्ता नसलेला डबा कितीही स्वस्त मिळाला तरी नको.

तरीही घरी भरायचाच असेल तर?

गाडी जुनी आहे, गॅस आर-१३४एच आहे, कॉम्प्रेसर चालू होतोय, गळतीची खूण नाही आणि गारवा थोडाच कमी झालाय. एवढ्याच परिस्थितीत घरी थोडी भर घालण्याचा विचार करता येतो. तेव्हा हे पाळा:

• बॉनेटखालचं स्टिकर वाचा. गॅसचा प्रकार आणि ग्रॅममध्ये प्रमाण त्यावर लिहिलेलं असतं.

• मोकळ्या जागी काम करा. सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये नको. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. जवळ ज्योत, सिगारेट नको. आगीच्या संपर्कात त्याचे विषारी वायू होतात.

• गॉगल आणि हातमोजे घाला. गॅस उणे २६ अंशांना उकळतो. त्वचेवर किंवा डोळ्यात उडाला तर हिमदाह होतो. सैल बाही, ओढणी फिरत्या पट्ट्यापासून दूर ठेवा.

• डबा फक्त लो साइडला जोडा. तिच्या टोपणावर ‘एल’ असतं, नळी जाड असते आणि एसी चालू असताना गार लागते. हाय साइडचं तोंड मुद्दाम मोठं ठेवलेलं असतं, जेणेकरून डब्याची नळी तिथे बसू नये. अडॅप्टर लावून बसवू नका. हाय साइडचा दाब डब्यात उलटा शिरला तर डबा फुटू शकतो.

• नळीत अडकलेली हवा क्षणभर गॅस सोडून बाहेर काढा, नाहीतर तीच आत जाईल.

• डबा उभा धरा. उलटा धरला तर द्रव जातो. डबा गार पडला तर कोमट पाण्यात ठेवा. उकळतं पाणी किंवा शेगडी अजिबात नको.

• स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा घ्या. डबा आधी आणि नंतर तोला. एका वेळी ३०-४० ग्रॅमच सोडा, पाच मिनिटं थांबा, थर्मामीटर बघा. जाळीतली हवा गार व्हायची थांबली की तुम्हीही थांबा. एकूण शंभरेक ग्रॅम जाऊनही फरक नसेल, तर दुखणं वेगळं आहे.

या गाड्यांना हात लावू नका

इलेक्ट्रिक आणि स्ट्राँग हायब्रीड गाड्यांचा एसी कॉम्प्रेसर सहसा शेकडो व्होल्टच्या विजेवर चालतो. त्यात विजेला रोधक असं खास तेल असतं. डब्यातून साधं तेल आत गेलं तर इन्शुलेशन बिघडतं आणि गाडी दोष दाखवून एसी बंद करू शकते. काही गाड्यांत बॅटरी थंड ठेवायलाही हाच गॅस लागतो. त्यामुळे तिथे घरगुती प्रयोग नको.

दुसरा प्रकार आर-१२३४वायएफ या नव्या गॅसचा. युरोपात २०१७ पासून सर्व नव्या कारमध्ये कमी तापमानवाढ करणारा गॅस सक्तीचा आहे आणि अमेरिकेतल्या नव्या गाड्यांतही बहुधा हाच असतो. तिथे राहणाऱ्या आपल्या माणसांनी स्टिकर वाचल्याशिवाय जुना डबा जोडू नये. हा गॅस सौम्य ज्वलनशील आहे, त्याची जोडणीची तोंडंही वेगळी असतात.

हवेत सोडलेल्या गॅसचं काय?

आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही. पण शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट तापमानवाढ करतो. एका गाडीतला ४०० ग्रॅम गॅस हवेत गेला तर तो साधारण ५७० किलो कार्बन डायऑक्साइडइतका भरतो. म्हणजे जवळपास २५० लिटर पेट्रोल जाळल्यासारखं. म्हणूनच अमेरिकेत तो मुद्दाम हवेत सोडणं बेकायदा आहे आणि २०१८ पासून छोट्या डब्यांना आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह सक्तीचा केलाय. २०१६ च्या किगाली करारानुसार भारतालाही अशा वायूंचा वापर २०३२ पासून टप्प्याटप्प्याने कमी करत २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी घटवायचा आहे. गळती तशीच ठेवून दरवर्षी गॅस भरणारा माणूस खिशातले पैसे आणि हा गॅस, दोन्ही हवेत सोडत असतो.

गॅरेजमध्ये गेल्यावर काय विचाराल?

गॅरेजवालाही फक्त काटा बघून गॅस भरत असेल, तर घरच्या डब्यात आणि त्याच्या कामात फरक फार नाही. म्हणून काम सुरू होण्याआधी चार प्रश्न विचारा:

१. आधीचा गॅस मशीनने काढून त्याचं वजन सांगणार का? किती कमी झाला होता, ते त्यावरूनच कळतं.

२. गळती कशी तपासणार? सापडली तर दुरुस्ती आधी की गॅस आधी?

३. व्हॅक्यूम किती वेळ करणार आणि तो टिकला का, हे दाखवणार का? वीस मिनिटं ते अर्धा तास व्हॅक्यूम ही वाजवी अपेक्षा आहे.

४. गॅस स्टिकरवरच्या ग्रॅमप्रमाणे तोलून भरणार का? आणि किती ग्रॅम भरला, ते बिलावर लिहिणार का?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं, तर तिथे गाडी सोडायला हरकत नाही. बिल जपून ठेवा. पुढच्या उन्हाळ्यात एसी पुन्हा कुरकुरला, तर किती गॅस भरला होता आणि किती उरला, या दोन आकड्यांवरून गळती आहे की नाही, हे कुणालाही सांगता येईल.